हात, दात आणि ३१ गोल

२ डिसेंबर २०२२. कतारमधल्या अल वक्राचं अल जनूब स्टेडियम. वर्ल्ड कपच्या गटातला शेवटचा सामना, उरुग्वे विरुद्ध घाना. उरुग्वे २-०ने पुढे आहे आणि घाना स्पर्धेतून गेल्यात जमा आहे. तेवढ्यात दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने पोर्तुगालविरुद्ध अगदी शेवटी दुसरा गोल मारला आणि सगळा हिशेब फिरला. आता पुढच्या फेरीत जायला उरुग्वेला आणखी एक गोल हवा. घानाच्या हाती काहीच लागणार नाही, तरीही त्यांचे खेळाडू जीव तोडून बचाव करू लागले. उरुग्वेचा तो तिसरा गोल झाला नाही, दोन्ही संघ बाहेर पडले आणि हरलेल्या घानाचे प्रेक्षक आनंदाने नाचले. बचावपटू डॅनियल अमार्टीने नंतर मोकळेपणाने सांगितलं, की आपण जाणार नसू तर यांनाही जाऊ द्यायचं नाही, असं त्याने सहकाऱ्यांना बजावलं होतं.

या सगळ्यांना एक दृश्य पाहायचं होतं आणि ते त्यांना मिळालं. उरुग्वेच्या बाकावर ३५ वर्षांचा लुईस सुआरेझ जर्सीत तोंड खुपसून रडत होता.

आपण हरलोय, घरी निघालोय, आणि समोरच्या एका माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून पैसे वसूल झाल्यासारखं वाटतंय. भावनेचा हा प्रकार फुटबॉलबाहेर क्वचितच बघायला मिळतो. त्याहून नवल म्हणजे, ज्या माणसाबद्दल घानाला असं वाटतं त्याच माणसासाठी माँटेव्हिडिओत लोक जीव टाकतात, आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात त्याचं नाव काढलं तर एकाच माणसाच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मग तो जरा अवघडतो. या अवघडण्याच्या पोटात काय काय दडलंय, ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

सुआरेझ १९८७ साली उरुग्वेतल्या साल्तो शहरात जन्मला आणि सात वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर माँटेव्हिडिओला आला. घरची परिस्थिती बेताची. पुढे पोरवयातली मैत्रीण सोफिया तिच्या घरच्यांबरोबर बार्सिलोनाला गेली. तिच्या जवळ जायचं तर युरोपातल्या क्लबने बोलवायला हवं, आणि क्लबने बोलवायचं तर गोल मारायला हवेत, इतका सरळ हिशेब या मुलाने मांडला. नासिओनाल, मग नेदरलँड्समधला ग्रोनिंगन, मग आयाक्स. २००९-१०च्या डच लीगमध्ये त्याने ३३ सामन्यांत ३५ गोल मारले. सोफिया पुढे त्याची बायको झाली. हवं ते मिळवण्यासाठी कुठल्याही थराला जाणं ही या माणसाची जडणघडणच आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं समजतं.

गोललाइनवरचा हात

घानाच्या रागाची सुरुवात २ जुलै २०१० रोजी झाली. जोहान्सबर्गचं सॉकर सिटी स्टेडियम, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी. आफ्रिकेत भरलेल्या या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेचे सहा संघ होते आणि गटफेरीनंतर त्यातला एकटा घाना उरला होता. आफ्रिकेचा एकही संघ तोवर उपांत्य फेरीत पोहोचलेला नव्हता, त्यामुळे त्या रात्री अख्खा खंड घानाच्या मागे उभा होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जागत बसलेल्यांना ती रात्र अजून आठवत असेल.

सामना १-१ बरोबरीत. एक्स्ट्रा टाइमचा अगदी शेवटचा क्षण. डॉमिनिक आदिया याचा हेडर थेट गोलमध्ये चालला होता. गोलरक्षक जागेवर नव्हता, गोललाइनवर सुआरेझ उभा होता. त्याने दोन्ही हातांनी चेंडू बाहेर ढकलला. रेफ्रीने रेड कार्ड दाखवलं, घानाला पेनल्टी दिली. सुआरेझ रडत बाहेर निघाला. आसामोआ जियानची किक क्रॉसबारवर आदळून वर गेली, आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबून मागे बघणारा सुआरेझ आनंदाने उड्या मारू लागला. नंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ने जिंकलं. शूटआउटमध्ये जियानने आपली किक बरोबर मारली, पण ज्याचा हेडर हाताने अडवला गेला होता त्या आदियाचीच किक गोलरक्षकाने रोखली.

आता यातलं गणित पाहा. हाताने अडवलं नसतं तर गोल होणार हे नक्की होतं, शंभर टक्के. पेनल्टी मात्र साधारण चारपैकी तीनदा गोलमध्ये जाते. म्हणजे सुआरेझने हात लावून निश्चित पराभव विकला आणि त्या बदल्यात चारात एक अशी आशा विकत घेतली. एरवी रेड कार्ड महागात पडतं, कारण उरलेला वेळ दहा जणांनी खेळावं लागतं. इथे वेळच उरला नव्हता. पुढच्या सामन्याची बंदी तेवढी मोजावी लागली, आणि नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याच्याविना उरुग्वे ३-२ने हरलं.

रग्बीत बचाव करणाऱ्याने नियम मोडून नक्की होणारा ट्राय अडवला तर रेफ्री तो ट्राय थेट बहाल करू शकतो. फुटबॉलच्या कायद्यात न झालेला गोल देण्याची सोय नाही. कायद्याच्या या फटीतून सुआरेझने हात घातला. बरं, त्याने काही लपवलं नाही. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल मारला, तो पंचांना दिसला नाही आणि गोल धरला गेला. सुआरेझ पकडला गेला, नियमात सांगितलेली सगळी शिक्षा त्याला त्या क्षणी मिळाली. २०२२च्या सामन्याआधी माफीबद्दल विचारलं तेव्हा त्याने नकार दिला. पेनल्टी चुकवली ती घानाच्या खेळाडूने, आपण नव्हे, असं त्याचं म्हणणं.

कायद्याच्या भाषेत हे उत्तर बिनतोड आहे. तरी ते ऐकून घानाच्या माणसाचं रक्त का उसळतं? त्याच्या लेखी शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुआरेझला शिक्षा झाली, पण घानाचा गोल परत आला नाही. उरुग्वेचा माणूस मात्र तीच कृती पाहून म्हणतो, पोराने देशासाठी स्वतःची उपांत्य फेरी ओवाळून टाकली. जेमतेम ३५ लाखांच्या वस्तीचा हा देश १९३० आणि १९५० असे दोन वर्ल्ड कप जिंकलेला आहे. ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन बलाढ्यांच्या मधे चेपलेल्या या लोकांना चिवटपणा आणि हिकमत याच आपल्या पुंजी वाटतात. त्यांच्या लेखी त्या दोन हातांनी फसवणूक केली नव्हती, त्याग केला होता.

एकाच मैदानात दोन सामने

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची लढत संपल्यावर बाहेर पडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना रेफ्रीबद्दल विचारलं, तर दोन वेगवेगळे सामने ऐकायला मिळतील. गंमत म्हणजे यात कुणीही खोटं बोलत नसतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी हे प्रयोगाने दाखवून दिलं. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला आणि त्यात भरपूर हाणामारी झाली. प्रिन्स्टनच्या हिरोचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय. मग दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची एकच फिल्म दाखवून, दिसेल तो प्रत्येक नियमभंग टिपायला सांगितलं. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे गुन्हे दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त गुन्हे प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच फिल्ममध्ये दिसले.

१९५४ साली हा निबंध छापून आला. त्यातला धक्का असा, की पक्षपात मत बनवताना शिरतो असा आपला समज असतो, तो प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी, पाहतानाच शिरलेला असतो. चाहत्याचा डोळा आधीच जर्सी घालून बसलेला असतो.

एवढ्याने घाना आणि उरुग्वे यांचा उलगडा होतो, कारण तिथे दोन बाजू आहेत. लिव्हरपूलचं कोडं अधिक अवघड आहे. तिथे दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आत आहेत.

सात नंबरची जर्सी

जानेवारी २०११च्या शेवटी लिव्हरपूलने आपला लाडका फर्नांडो टोरेस चेल्सीला विकला आणि त्याच वेळी आयाक्सकडून सुआरेझ घेतला. केनी डाल्ग्लिशने गाजवलेला सात नंबर त्याला मिळाला. थोड्याच महिन्यांत एका जुन्या पॉप गाण्याच्या चालीवर त्याच्या नावाचं गाणं ॲनफिल्ड या क्लबच्या घरच्या मैदानाच्या स्टँडमध्ये घुमू लागलं.

त्याचा खेळ पाहणाऱ्यांना आधी तो अडखळतोय असंच वाटायचं. चेंडू पायाला लागून भलतीकडे उडायचा, बचावपटूच्या नडगीवर आपटायचा, आणि कसा कोण जाणे पुन्हा याच्याच पुढ्यात यायचा. समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढणं ही तर त्याची रोजची सवय. नोव्हेंबर २०१२मध्ये न्यूकॅसलविरुद्ध मागून आलेला लांबलचक पास त्याने पूर्ण वेगात धावताना खांद्या-छातीवर असा काही अलगद झेलला, की पुढच्या पावलात तो गोलरक्षकाला वळसा घालून मोकळा. डिसेंबर २०१३मध्ये नॉरिचविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल, त्यातला पहिला गोलपासून जवळपास चाळीस यार्डांवरून. नॉरिचविरुद्धची ती त्याची तिसरी हॅटट्रिक होती.

२०१३-१४चा हंगाम तर दंतकथेत शोभेल असा. बंदीमुळे पहिले पाच सामने हुकले, तरी लीगमध्ये ३३ सामन्यांत ३१ गोल, आणि त्यात एकही पेनल्टी नाही. लिव्हरपूलने लीगमध्ये १०१ गोल केले. १९९०नंतर हुलकावणी देणारं विजेतेपद हाताच्या अंतरावर आलं आणि निसटलं. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-०ची आघाडी घालवून सामना ३-३ सुटला तेव्हा सुआरेझ जर्सीत तोंड लपवून रडत बाहेर पडला. त्या रात्री लिव्हरपूलचे चाहते त्याच्याबरोबर रडले. आठ वर्षांनी कतारमध्ये तो तसाच रडला, तेव्हा जगातल्या बऱ्याच लोकांना बरं वाटलं.

ॲनफिल्डवरचं हे प्रेम आंधळं नव्हतं. कारण याच साडेतीन वर्षांत बाकीचंही सगळं घडलं होतं.

रागाचा उलटा क्रम

१५ ऑक्टोबर २०११ रोजी ॲनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडचा पॅट्रिस एव्हरा याने तक्रार केली, की सुआरेझने त्याच्या काळ्या वर्णावरून त्याला वारंवार हिणवलं. फुटबॉल असोसिएशनच्या स्वतंत्र आयोगाने ११५ पानांचा निकाल दिला. आमच्याकडे हे बोलणं सर्रास चालतं, हा सुआरेझचा बचाव आयोगाने मानला नाही. आठ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पाउंड दंड. निकाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विगनविरुद्धच्या सामन्याआधी लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझचं चित्र असलेले टी-शर्ट घालून सरावाला उतरले. फेब्रुवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने एव्हराशी हात मिळवायचं टाळलं.

२१ एप्रिल २०१३ रोजी त्याच ॲनफिल्डवर तो चेल्सीच्या ब्रानिस्लाव्ह इव्हानोविचच्या दंडाला चावला. नेदरलँड्समध्ये २०१० साली तो असाच एकाला चावला होता आणि सात सामने बाहेर बसला होता. आता दहा सामन्यांची बंदी आली. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये २४ जून रोजी ब्राझीलमधल्या नाताल शहरात इटलीच्या जॉर्जो किएलिनीच्या खांद्यावर दात उमटले. फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामने, शिवाय चार महिने फुटबॉलशी संबंधित कुठलंही काम करायला बंदी घातली.

आता हे आकडे शेजारी ठेवा. वर्णावरून अपमान, आठ सामने. चावा, दहा सामने. चाव्याने कातडीवर वळ उठतो, आठवड्याभरात जातो. वर्णावरचा शब्द एव्हराला तर लागतोच, तो घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक काळ्या मुलालाही लागतो. आणि हात लावल्याने एका खंडाचं स्वप्न मोडलं, त्याची शिक्षा एक सामना. जगाच्या संतापाचा क्रमही असाच उलटा लागलेला दिसतो. चाव्यावर सगळं जग एकमुखाने ‘शी!’ म्हणालं. हाताबद्दल जग दुभंगलं. वर्णद्वेषाच्या वेळी मात्र ज्याच्या त्याच्या क्लबप्रमाणे मत ठरलं. सगळ्यात खोल जखम करणाऱ्या कृतीवर सगळ्यात जास्त सबबी ऐकू आल्या.

असं का व्हावं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन यांनी किळस या भावनेचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्यातलं जनावर समोर आलं की माणसाला विशेष शिसारी येते, हा त्यांच्या मांडणीचा एक धागा. फुटबॉलमध्ये लाथ मारून पाय मोडणारे खेळाडू कितीतरी झाले, त्यांना रांगडा, कणखर अशी विशेषणं मिळतात. चावणारा मात्र क्षणात माणसांतून उठतो. डच वर्तमानपत्रांनी त्याला नरभक्षक म्हटलंच होतं. शिसारीचा जुळा भाऊ म्हणजे हसू. नातालच्या सामन्यानंतर कोपाकबाना किनाऱ्याजवळ एका जाहिरात फलकावर सुआरेझचा तोंड वासलेला चेहरा होता. त्या जबड्यात मान, हात, खांदा देऊन फोटो काढायला पर्यटकांची झुंबड उडाली.

शिसारी शरीरातून उठते. तिला विचार करावा लागत नाही, बाजू घ्यावी लागत नाही, म्हणून ती सगळ्यांना एकदम येते. वर्णद्वेषाची हानी समजायला दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, आणि तो दुसरा मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीत असेल तर ते दोन पावलांचं अंतर लिव्हरपूलकराला फार लांब पडतं.

लिव्हरपूल हे शहर एरवी अन्यायाबद्दल हळवं आहे, हे लक्षात घेतलं की हे आणखी टोचतं. १९८९ साली हिल्सबरोच्या स्टेडियमवर चेंगराचेंगरीत त्यांची माणसं दगावली. ९७ जीव गेले. पोलिसांनी आणि एका लंडनच्या वर्तमानपत्राने दोष मेलेल्यांवरच ढकलला, आणि खरं काय ते सरकारदरबारी मान्य व्हायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. बाहेरचे आपल्यावर आळ घेतात, हा या शहराचा अनुभव आहे. म्हणून आपल्या माणसावर आरोप आला की आधी कडं करायचं, ही तिथली प्रतिक्षिप्त क्रिया. त्याने टी-शर्टचं समर्थन होत नाही, पण ते कुठून आले ते कळतं. आणि याच क्लबचा जॉन बार्न्स १९८८ साली एव्हर्टनच्या मैदानावर खेळताना कुणीतरी केळं फेकलं होतं, ते त्याने टाचेने उडवलं होतं. हे ठाऊक असलेल्या लोकांनी एव्हराकडे पाठ फिरवली होती.

आवडत्या माणसाला वाचवायच्या दोन युक्त्या

आवडत्या माणसाने वाईट कृत्य केलं की मन काय करतं, यावर अमित भट्टाचार्जी, जोनाथन बर्मन आणि अमेरिकस रीड यांनी २०१३ साली एक निबंध लिहिला. त्यांना दोन वाटा दिसल्या. पहिली वाट म्हणजे कृत्य सौम्य करून घ्यायचं. ‘तसं काही म्हणाला नसेल’, ‘चिडवलं असेल त्याला’, ‘सगळेच करतात’. दुसरी वाट जास्त चतुर. कृत्य वाईट होतं हे निखालस मान्य करायचं आणि लगेच म्हणायचं, पण त्याचा खेळाशी काय संबंध? इथे चाहत्याला खोटं बोलावं लागत नाही, त्याची नीतिमत्ता शाबूत राहते आणि टाळ्याही वाजवता येतात. म्हणूनच ही दुसरी वाट लोकांना कमी टोचते, असं त्यांच्या प्रयोगांत आढळलं.

लिव्हरपूलने एव्हराच्या वेळी पहिली वाट धरली आणि ती त्यांच्या अंगाशी आली. इव्हानोविचच्या वेळी सौम्य करायला जागाच नव्हती, कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. मग सगळे दुसऱ्या वाटेला लागले. २०१३च्या उन्हाळ्यात सुआरेझने क्लब सोडायचा हट्ट धरला, आर्सेनलने चार कोटींवर एक पाउंड अशी चमत्कारिक बोली लावली, त्याला वेगळा सराव करायला लावलं गेलं. शेवटी तो राहिला आणि ३१ गोल मारले.

पण सुआरेझच्या बाबतीत दुसरी वाटसुद्धा शेवटपर्यंत जात नाही. एखादा खेळाडू मैदानाबाहेर कर बुडवत असेल तर खेळ आणि वागणं यांच्यात रेघ मारता येते. सुआरेझचे सगळे गुन्हे मैदानातले, चेंडू आसपास असतानाचे. हरायला आलेला सामना सोडायचाच नाही, हा त्याचा पीळ. त्याच पिळातून नॉरिचविरुद्धचा गोल येतो, गोललाइनवरचा हात येतो आणि दातही येतात. इव्हानोविचला चावला त्याच सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी २-२ बरोबरी साधणारा गोल त्याचाच होता. यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं कापायचं?

हे सगळ्यात स्वच्छ कुणी ओळखलं असेल तर ज्याला चावलं त्याने. किएलिनीने तेव्हाच फिफाची शिक्षा अति झाली असं म्हटलं होतं. पुढे २०२०मध्ये आत्मचरित्राच्या निमित्ताने त्याने सांगितलं, की सुआरेझच्या त्या खुनशीपणाचं आपल्याला कौतुकच वाटतं. तो गेला तर सुआरेझ चारचौघांसारखा खेळाडू होईल, आणि आपणही मैदानात काही साधे नव्हतो. इटलीचा हा पोलादी बचावपटू त्या घटनेकडे एका कारागिराने दुसऱ्याची हत्यारं निरखावीत तसा पाहत होता.

टाळ्या आणि हुर्यो

बार्सिलोनाला गेल्यावर मेस्सी आणि नेमार यांच्यासोबत त्याने पहिल्याच हंगामात तीन किताब जिंकले. बर्लिनच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याचा गोल होता आणि समोरच्या युव्हेंटस संघात एव्हरा खेळत होता. लिव्हरपूल सोडून वर्ष व्हायच्या आत, २९ मार्च २०१५ रोजी, तो एका धर्मादाय सामन्यासाठी ॲनफिल्डवर आला. स्टँडने भरभरून टाळ्या दिल्या.

मग ७ मे २०१९. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, ॲनफिल्ड. पहिल्या लढतीत बार्सिलोनात सुआरेझने लिव्हरपूलविरुद्ध गोल मारून जल्लोष केला होता. आता तेच स्टँड त्याला शिव्या देत होते. चेंडू त्याच्याकडे गेला की हुर्यो. लिव्हरपूलने ४-० जिंकून ३-०ची पिछाडी भरून काढली, आणि त्या रात्री सुआरेझची फजिती हा त्यांना मिळालेला बोनस होता. बचावपटूला डिवचणं, पडणं, रेफ्रीशी हुज्जत, यातलं काहीही नवीन नव्हतं. हे सगळं त्यांनी साडेतीन वर्षं त्याच गवतावर पाहिलं होतं आणि त्यावर गाणं म्हटलं होतं.

लँकॅस्टर विद्यापीठातल्या मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग इथे आठवतो. त्यांनी मँचेस्टर युनायटेडचे चाहते असलेले विद्यार्थी निवडले. आधी त्यांच्याकडून आपल्या क्लबच्या प्रेमाबद्दल लिहून घेतलं, मग दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक धावणारा घसरून पडायचा आणि घोटा धरून कण्हायचा. अंगात युनायटेडची जर्सी असेल तर जवळपास सगळे मदतीला थांबायचे. लिव्हरपूलची जर्सी असेल तर थोडेच. दुसऱ्या फेरीत एकच बदल केला. आधी क्लबबद्दल न लिहिता, फुटबॉलचा चाहता असण्यातल्या आनंदाबद्दल लिहायला सांगितलं. आता लिव्हरपूलच्या जर्सीतल्या माणसालाही बहुतेकांनी हात दिला! माणसं तशीच, पडणाराही तसाच. ‘आपण’ या वर्तुळाची रेघ तेवढी सरकली होती.

एव्हराच्या वेळी त्या वर्तुळात सुआरेझ आत आणि एव्हरा बाहेर होता. रेघ सरकायला वेळ लागला. ऑक्टोबर २०१९मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमात लिव्हरपूलचा माजी खेळाडू जेमी कॅराघरने शेजारी बसलेल्या एव्हराची माफी मागितली. टी-शर्ट घालणं ही क्लबची घोडचूक होती आणि मी त्याचा भाग होतो, असं तो म्हणाला. पुढे क्लबच्या मुख्याधिकाऱ्यांनीही एव्हराला पत्र लिहिलं. घटनेनंतर आठ वर्षं गेली होती, सुआरेझला जाऊन पाच. त्याच्या गोलांची आता कुणाला गरज नव्हती.

यात चाहत्याच्या मनाचं एक गुपित आहे. खेळाडू आपला असतो तोवर मिश्र भावना परवडत नाही. शनिवारी सामना असतो आणि त्याला गोल मारायचा असतो. तो प्रतिस्पर्धी झाला की फक्त राग सोपा जातो. दोन्ही गोष्टी एकदम मनात मावायला तो माजी व्हावा लागतो, म्हणजे त्याच्याकडून घेण्यासारखं आणि त्याने हिरावण्यासारखं काही उरलेलं नसावं लागतं. लिव्हरपूलचा आजचा चाहता सुआरेझचं नाव काढल्यावर अवघडतो तो गोंधळलाय म्हणून नव्हे. न्यूकॅसलविरुद्धचा तो गोल आणि एव्हराकडे फिरवलेली पाठ, दोन्ही त्याला पहिल्यांदाच एकत्र आणि पूर्ण आकारात दिसतायत.

सुआरेझ स्वतः बदललेला नाही. सप्टेंबर २०२४मध्ये देशासाठी ६९ गोल करून त्याने उरुग्वेची जर्सी उतरवली. हा उरुग्वेचा विक्रम आहे. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस, ३८ वर्षांचा असताना, इंटर मायामीकडून एक फायनल हरल्यावर तो प्रतिस्पर्धी संघाच्या कर्मचाऱ्यावर थुंकला आणि पुन्हा बंदी ओढवून घेतली. मायामीचे चाहते बहुधा आता त्या दोनांपैकी एका वाटेला लागले असतील. घानाच्या लोकांना मात्र यातली कुठलीच कसरत करावी लागली नाही. त्यांना सुआरेझने कधी काही दिलंच नव्हतं, म्हणून त्यांचा राग बारा वर्षं जसाच्या तसा शाबूत राहिला. मिश्र भावना हा फक्त त्यांच्याच वाट्याला येणारा त्रास आहे, ज्यांना त्या माणसाने आधी भरपूर आनंद दिलेला असतो.